बाद झालेल्याचा आवाज : सहकारी भयखेळांतील एका नियमाची पार्श्वभूमी

सहकारी भयखेळात, म्हणजे काही जणांनी मिळून खेळायच्या भीतिदायक व्हिडिओ गेममध्ये, एखादा खेळाडू मारला गेला की त्याला उरलेल्या सोबत्यांशी बोलू द्यावे की नाही, हा वाद 2020 नंतर पेटला. त्याआधी हा प्रश्न फारसा कोणी उपस्थित करत नसे, कारण खेळाडूंचा आवाज हा खेळाचा भागच नव्हता. हेडफोन लावून मंडळी एकमेकांशी बोलत आणि पडद्यावरच्या राक्षसाला त्या बोलण्याशी काही देणेघेणे नसे. 2008 मध्ये आलेल्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये मेलेला खेळाडू संघाशी खुशाल बोलत राही. त्यावर कोणाची हरकत नसे, कारण काही वेळाने तो पुढच्या वाटेवरच्या एखाद्या बंद खोलीत सापडे आणि सोबत्यांनी दार उघडले की पुन्हा खेळात येई. त्याचे मरण तात्पुरते असल्यामुळे त्याच्या बोलण्याला विशेष किंमत नव्हती.

मृताने गप्प बसावे हा दंडक मात्र याहून जुना आहे. 1980 च्या दशकात मॉस्कोतील एका विद्यार्थ्याने रचलेल्या ‘माफिया’ या बैठ्या खेळात तो स्पष्टपणे होता, कारण गटात लपलेले मारेकरी ओळखण्याच्या त्या खेळात मृताच्या एका शब्दाने डाव फुटू शकत होता. आपल्याकडे कबड्डीच्या जुन्या संजीवनी, गामिनी आणि अमर या प्रकारांनी बाद झालेल्याने मैदानात केव्हा परतावे, किंवा त्याने मुळात बाहेर जावेच का, याची तीन वेगळी उत्तरे दिली होती. बाहेर बसलेल्याचे काय करायचे हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही, एवढे त्यावरून दिसते. ऑनलाइन नेमबाजीच्या खेळांत पुढे मृतांचे बोलणे जिवंतांना ऐकू जावे की नाही हे सर्व्हर चालवणाऱ्याच्या सेटिंगवर सोपवले गेले आणि जागोजागी वेगळे नियम रूढ झाले.

भयखेळांच्या बाबतीत 2003 च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या ‘रेसिडेंट इव्हिल आउटब्रेक’चा उल्लेख करायला हवा. तो ऑनलाइन सहकारी खेळ असूनही त्यात व्हॉइस चॅट, म्हणजे खेळता खेळता बोलण्याची सोय, नव्हते. ठरावीक हाका आणि सूचना यांवरच खेळाडूंना भागवावे लागे. विषाणूचा संसर्ग पूर्ण झालेला खेळाडू काही काळ झॉम्बी होऊन आपल्याच जुन्या सोबत्यांवर चालून जाऊ शकत असे. मृताला वाणी न देता कृती देण्याची ही कल्पना त्या काळात फारशी पुढे गेली नाही, पण वीस वर्षांनंतरच्या प्रयोगांकडे पाहताना तिची आठवण होते.

खरा बदल घडला तो आवाजच खेळाचे साहित्य झाल्यावर. सप्टेंबर 2020 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आलेल्या ‘फॅस्मोफोबिया’त चार जणांपर्यंतचा गट पछाडलेल्या घरात शिरतो आणि पुरावे गोळा करून भूत कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखतो. इथे बोलणे अंतरानुसार ऐकू येते, दूरच्या सोबत्याशी बोलायला वॉकी-टॉकी लागतो, भूत शिकारीला निघाले की त्यात खरखर माजते आणि खेळाडूंचे शब्द खुद्द भुतालाही ऐकू जातात. अशा रचनेत मेलेल्याचे काय करायचे यावर निर्मात्यांनी घेतलेला निर्णय असा, की मृत खेळाडूने घरात हिंडावे, जिवंतांचे बोलणे ऐकावे, इतर मृतांशी बोलावे, पण जिवंतांना त्याचा शब्द ऐकू जाऊ नये. मृत आणि जिवंत यांच्यातला पडदा राहिला, पण तो एकाच बाजूने.

या निर्णयावर जितका वाद झाला तितका या खेळप्रकारातल्या दुसऱ्या क्वचितच कोणत्या नियमावर झाला असेल, आणि त्याचे कारण नीट पाहण्यासारखे आहे. ‘माफिया’त मृत बोलला तर समोर बसलेल्या माणसावर अन्याय होतो. 2016 च्या ‘डेड बाय डेलाइट’मध्येही तसेच आहे. त्यात चार वाचणाऱ्यांविरुद्ध एक माणूस मारेकरी होऊन खेळतो, खेळात व्हॉइस चॅट दिलेलेच नाही, आणि तरीही मित्रांचा गट बाहेरच्या कॉलवर बोलत असेल तर आधीच बाद झालेला सोबती मारेकरी कुठे उभा आहे ते सांगू शकतो. ही तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती समजण्यासारखीही आहे. पण ‘फॅस्मोफोबिया’त समोर माणूसच नाही. भुताला अन्याय वाटत नाही. मग मृताने बोलल्याने कोणाचे नुकसान होते, असा रोकडा सवाल बोलू देण्याच्या बाजूचे खेळाडू करतात. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. तपासाला ठरलेली वेळ नसते, तेव्हा सुरुवातीलाच मारला गेलेला मित्र कितीतरी वेळ नुसता बघत बसतो. दिवसभराच्या कामानंतर चार मित्रांनी जेमतेम तासभर एकत्र काढला असेल तर त्यातला बराचसा वेळ एकाने मुका राहून घालवावा, हे त्यांना पटत नाही.

तरीही पडद्याच्या बाजूचा युक्तिवाद प्रस्तुत लेखकाला अधिक मूलगामी वाटतो. मरणाच्या क्षणी खेळाडूला जे कळते तेच त्या डावातले सर्वांत मोलाचे ज्ञान असते : भूत किती वेगाने आले, ते कोणत्या खोलीतून निघाले, प्रकाशाच्या उपकरणांवर त्याचा काय परिणाम झाला. हे सगळे मृताने लगेच सांगून टाकले तर मरण हा माहिती मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो आणि एका सोबत्याला पुढे ढकलून उरलेल्यांनी उत्तर लिहून मोकळे व्हावे, अशी खेळी आपोआप रुजते. त्याहून मोठे नुकसान भीतीचे होते. वरच्या मजल्यावर गेलेला सोबती हाकेला ओ देत नाही तेव्हा तो मेला, हरवला की भूत जवळ असल्यामुळे गप्प राहिला, हे खाली उभ्या असलेल्याला कळत नाही, आणि तो जिना चढायचा की नाही याचा निर्णय त्या अज्ञानातच त्याला घ्यावा लागतो. सोबत्याने कानात ‘मी मेलो’ एवढेच सांगितले तरी जिना हा नुसता जिना उरतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या ‘लीथल कंपनी’ने हीच गोष्ट अधिक ठळक केली. एका व्यक्तीने घडवलेल्या या खेळात चौघे जण ओसाड चंद्रांवर उतरून तिथल्या इमारतींत शिरतात आणि भंगार गोळा करतात. बहुधा एक जण यानात थांबून मॉनिटरवर लक्ष ठेवतो आणि वॉकी-टॉकीवरून आत गेलेल्यांना वाट दाखवतो. इमारतीबाहेर फिरणारे डोळे नसलेले श्वानासारखे प्राणी माणसाच्या आवाजाच्या रोखाने येतात, त्यामुळे बोलणे हेच धोक्याचे. सोबती मारला गेला की त्याचे वाक्य अर्ध्यात तुटते. खेळाचे नाव ज्या चित्रफितींमुळे गावोगाव पोहोचले त्यांतील कित्येकांचा सगळा परिणाम या तुटलेल्या वाक्यावर उभा होता. मृत इकडे आपापसात गप्पा मारत जिवंतांची धडपड पाहतात आणि यान कक्षेत परतले, सगळे पुन्हा उभे राहिले की साठलेले बोलणे एकदम बाहेर पडते. ज्यांना मृतांचे मौन ही निव्वळ शिक्षा वाटते त्यांनी ही परतीची काही मिनिटे अवश्य ऐकावीत.

याच खेळाने मृतांना एक मर्यादित अधिकारही दिला. यानाने ठरल्या वेळेआधी निघावे यासाठी मृत खेळाडू मत देऊ शकतात. मृतांपाशी शब्द नाही, पण कौल आहे. त्यांच्या मागणीमुळे यान निघण्याची घटका जवळ आली की आत अडकलेल्याला घाई करावी लागते, आणि इतके होऊनही कोण कुठे आणि कसा मेला ते त्याला कळत नाही. शिवाय मृतदेह यानात परत आणला तर मरणापोटी गटाला बसणारा दंड कमी होतो, म्हणजे मेलेला सोबती जिवंतांच्या हिशेबात राहतो. प्रतीक्षेच्या तक्रारीला मिळालेले हे उत्तर बोलू देण्यापेक्षा कितीतरी विचारपूर्वक दिलेले आहे.

या सगळ्याला छेद देणारी गोष्ट खेळाच्या बाहेर होती. 2015 पासून उपलब्ध असलेले डिस्कॉर्ड हे गटाने कॉलवर बोलण्याचे ॲप 2020 पर्यंत मित्रमंडळींच्या खेळाचा कायमचा अड्डा झाले होते, आणि बाहेरच्या कॉलवर अंतर, भिंती, वॉकी-टॉकी, मरण यांपैकी कशाचाच अंमल चालत नाही. 2020 मध्येच लोकप्रिय झालेल्या, गटात लपलेला मारेकरी चर्चेतून ओळखण्याच्या ‘अमंग अस’ने अनेक गटांना एक शिस्त शिकवली होती : फेरी चालू असताना माइक म्यूट, आणि मेलेल्याने चर्चेच्या वेळीही गप्प. ही शिस्त आपोआप राखून देणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे बॉटही तयार झाले. भयखेळांत मात्र ती म्यूट करण्यापुरती ठेवून भागत नाही, कारण इथे जिवंतांनी बोलायलाच हवे, आणि तेही खेळातल्या माइकवरून. म्हणून कॉल पूर्ण बंद करावा लागतो, आणि त्यावरच गटागटांत खटके उडतात.

2025 मध्ये दोन टोके एकाच वर्षी दिसली. फेब्रुवारीत आलेल्या ‘रेपो’मध्ये मेलेल्या खेळाडूचे डोके मागे उरते, आणि सोबत्यांनी ते उचलून गोळा केलेला माल पाठवण्याच्या ठिकाणी नेले तर तो अत्यल्प प्राणशक्तीसह पुन्हा उभा राहतो. म्हणजे खेळ आला तेव्हा मृताने बोलायचे नव्हते, त्याला शोधायचे काम जिवंतांचे होते. जूनमध्ये आलेल्या ‘पीक’मध्ये, जो भयखेळ नसून डोंगर चढण्याचा खेळ आहे, मृत सोबती भूत होऊन चढणाऱ्यांच्या आसपास तरंगतो, त्यांना दिसतो आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतो. तिथे ते शोभते, कारण कड्यावरून कोण पडले हे सर्वांनी पाहिलेले असते आणि मृताच्या बोलण्याने कोणतेही कोडे फुटत नाही. या उदाहरणाचा दाखला देऊन भयखेळांतही तीच मोकळीक मागितली जाते, तेव्हा हा फरक लक्षात घेतला जात नाही. बाहेरचा कॉल चालू आहे की नाही हे खेळाला तपासता येत नाही, त्यामुळे निर्मात्यांनी पडदा कितीही विचारपूर्वक बांधला तरी तो पाळायचा की नाही हे आजही लॉबीत, म्हणजे खेळाच्या प्रतीक्षा-खोलीत, जमलेले चौघेच डाव सुरू होण्याआधी ठरवतात.