निकालपत्राची समीक्षा

उच्च न्यायालयाचा निकाल वाचून त्यातील कारणमीमांसा कायद्याला, पुराव्याला आणि आधीच्या निर्णयांना धरून आहे की नाही, हे जाहीरपणे तपासणाऱ्या लेखनाला निकालपत्राची समीक्षा म्हणता येईल. वकील, कायद्याचे प्राध्यापक, निवृत्त न्यायमूर्ती आणि न्यायालयीन वार्ताहर हे काम करतात. निकाल कोणाच्या बाजूने लागला ही बातमी झाली. न्यायमूर्ती तिथवर कोणत्या पायऱ्यांनी पोहोचले, हा समीक्षेचा विषय. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या हद्दीतील सर्व कनिष्ठ न्यायालयांवर बंधनकारक असतो आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत थोड्याच पक्षकारांची असते. बहुतेकांच्या दृष्टीने उच्च न्यायालयाचा शब्द हाच शेवटचा ठरतो, म्हणून तो शब्द तपासला जाणे फार गरजेचे आहे.

समीक्षकाचे पहिले काम म्हणजे रेशो आणि ऑबिटर वेगळे काढणे. रेशो म्हणजे ज्या तत्त्वावर निकाल उभा आहे ते. ते पुढच्या खटल्यांना बांधते. ऑबिटर म्हणजे ओघात केलेले मतप्रदर्शन. ते बांधत नाही. न्यायालयांचे निकाल छापणारा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ मध्ये सुरू झाला. अशा नियतकालिकांत निकालाच्या माथ्यावर जी हेडनोट, म्हणजे निकालाचा सारांश, छापतात, ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायालयाने नव्हे. तेवढीच वाचून केलेली टीका अनेकदा फसते.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या निकालांवर मराठी मुलखात लवकरच रणे माजली. त्यांतले सर्वांत गाजलेले रखमाबाईंच्या खटल्याचे. बालपणी झालेल्या लग्नाच्या आधारे नांदायला येण्याची सक्ती करावी, असा दावा पतीने लावला होता. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. टिळकांच्या वृत्तपत्रांनी न्यायमूर्तींना हिंदू कायद्याचे मर्म कळले नाही, अशी टीका केली. निकालपत्र उघडून पाहिले तर ही टीका नेमकी उलट्या टोकाला जाते. नांदायला येण्यासाठीच्या दाव्यांची प्रथा इंग्लंडमधून इथे आणली गेली, हिंदू कायद्यात तिला आधार नाही, असे पिन्ही यांचे म्हणणे होते. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा आदेश दिला. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली.

समीक्षेने कायदा बदलल्याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचे आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवून त्यांना दोषी ठरवले. भीतीने किंवा धमकीने हतबल होऊन शरीर स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. रात्रीची वेळ, बंद दार, समोर पोलीस, अशा स्थितीत गप्प राहण्याचा अर्थ काय, हा प्रश्न उच्च न्यायालयाने थेट हाताळला होता. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, यावर भर देऊन आरोपींना निर्दोष सोडले.

वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पत्राचे बळ त्याच्या वाचनात होते. शरण जाणे आणि संमती देणे यांतला जो फरक नागपूरला ओळखला गेला होता, तो दिल्लीत कसा पुसला गेला, हे त्यांनी निकालाच्याच मजकुरातून दाखवले. कनिष्ठ न्यायालयाची बाजू वरिष्ठ न्यायालयासमोर मांडणारी इतकी निर्भीड समीक्षा भारतात आधी क्वचितच झाली असेल. महिला संघटना रस्त्यावर आल्या. फेरविचाराची मागणी फळाला आली नाही, पण १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे गृहीत धरण्याचे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आले. पीडितेचे नाव छापण्यावरील बंदीही त्याच दुरुस्तीतली.

समीक्षेचा रोख उच्च न्यायालयाकडेही तितक्याच तीव्रतेने वळतो. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या एकल (एकाच न्यायमूर्तींच्या) पीठाने, कपड्यांवरून बालिकेच्या शरीराला केलेला स्पर्श पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम ७ मधील लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही, त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा, असे ठरवले आणि आरोपीला भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ (विनयभंग) खाली एक वर्षाची शिक्षा ठेवली. शिक्षा कडक तितका पुरावा काटेकोर हवा, हे पीठाचे म्हणणे बरोबर होते. चूक पुढच्या पावलाला झाली: पुराव्याचा हा नियम कृत्याच्या व्याख्येला लावला गेला. खरी टीका इथे हवी होती. प्रत्यक्षात तिच्यातला बराच भाग न्यायमूर्तींच्या व्यक्तीवर गेला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हा निकाल रद्द केला आणि लैंगिक हेतू हाच निकष मानून पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा दिली.

टीकेची कायदेशीर हद्द न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ ने आखली आहे. सुनावणी होऊन अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवरील रास्त टीका कलम ५ नुसार अवमान ठरत नाही. लोकहितासाठी आणि प्रामाणिकपणे पुढे केलेला सत्याचा बचाव न्यायालय २००६ च्या दुरुस्तीपासून मान्य करू शकते. मात्र न्यायालयाची बदनामी होईल असे प्रकाशन कलम २ (क) खाली फौजदारी अवमान मानले जाते, आणि ही व्याख्या इतकी सैल आहे की समीक्षकाच्या मनात धास्ती राहतेच. न्यायप्रविष्ट प्रकरणावर लिहिणे त्याहून जोखमीचे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रही वकिलांविषयी लिहिलेले पत्र प्रकरण प्रलंबित असताना टीकेसह छापल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९२० मध्ये गांधीजी आणि महादेव देसाई यांना कडक समज दिली होती. १९७० मध्ये केरळचे कम्युनिस्ट नेते नंबुद्रिपाद यांची अवमानाबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली, दंड मात्र ५० रुपयांवर आणला. न्यायाधीश वर्गीय पूर्वग्रहाने न्याय करतात, असे त्यांचे विधान होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २११ मुळे न्यायमूर्तींच्या कर्तव्य बजावतानाच्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी संबंधित १९९५ च्या एका प्रकरणात, वकील संघटनांना न्यायाधीशावर राजीनाम्यासाठी दबाव आणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. निकालाचा तर्क तपासायला मात्र कोणाची आडकाठी नाही. अडचण आहे ती भाषेची. अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. निवडक निकालांचे मराठी अनुवाद उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळू लागले आहेत, पण कायद्याची सूक्ष्म समीक्षा अजून बहुतांशी इंग्रजीतच होते. जमिनीच्या वाटणीचा किंवा पोटगीचा निकाल ज्याच्या घरात येऊन पडतो, त्याला त्या निकालामागचे कारण मराठीत समजावून सांगणारे लेखन फारच थोडे आहे.