कपाटाच्या दारांचा बाक आणि पीळ

लाकडी कपाटाच्या दाराला बाक येणे किंवा पीळ पडणे हा दोष मुख्यतः दाराच्या दोन्ही बाजूंनी ओलावा कमी-जास्त शोषल्यामुळे उद्भवतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो सर्रास दिसतो. बाक म्हणजे दार कमानीसारखे वाकणे. पिळात तीन कोपरे चौकटीला टेकतात आणि चौथा बाहेर राहतो. पीळ पाहण्यासाठी दाराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे फुलीसारखे ताणतात. मध्यावर दोऱ्यांत फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबले, तर पीळ आहे.

लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. वर्षवलयांच्या कडेकडेने होणारा हा फरक वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. साग स्थिर लाकूड मानला जातो. तरी 45 सेंमी रुंदीच्या सपाट चिरलेल्या (म्हणजे वलयांच्या कडेने कापलेल्या) सागफळीतला ओलावा 10 टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे 8 मिमी रुंदावू शकते. म्हणूनच पूर्वापार चौकट-दिलह्याची दारे करत आले; दिलहा म्हणजे चौकटीच्या मधली फळी. त्यात दिलहा खाचेत नुसता सरकवतात. त्याला ना सरस लावत, ना खिळा मारत.

आजची दारे बहुधा प्लायवूडची किंवा ब्लॉकबोर्डची (आत लाकडी पट्ट्या जोडलेल्या फळीची) असतात. तिथे लाकडापेक्षा कामातली काटकसर जास्त नडते: बाहेरून 1 मिमीचा सनमायका (लॅमिनेट) आणि आतून नुसता रंगाचा हात. झाकलेली बाजू ओलावा घेत नाही, उघडी घेते, आणि दार वाकते. आतूनही लॅमिनेट हवाच, तो 0.8 मिमीचा चालतो. चारही कडांना पट्टी लागते. खालची कड हटकून राहून जाते, कारण ती कोणाला दिसत नाही; फरशी पुसतानाचे पाणी मात्र तिलाच लागते. उंच दारांसाठी प्लायवूडपेक्षा ब्लॉकबोर्ड बरा. त्याच्या आतल्या लाकडी पट्ट्या उभ्या याव्यात आणि बिजागऱ्या दोनवर भागवू नयेत. ओल धरणाऱ्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवले, तर एवढे करूनही उपयोग होत नाही.

दुरुस्तीची सुरुवात बिजागरीपासून करावी. आतल्या, स्क्रूने सरकणाऱ्या बिजागरीत वरची थोडी आत आणि खालची थोडी बाहेर घेतली (किंवा उलट), की काही मिलिमीटरांचा पीळ झाकला जातो. दार अडकते म्हणून भर जुलैत रंधा मारण्याची घाई करू नये. फुगलेले दार हिवाळ्यापर्यंत आकसते आणि मग तिथे कायमची फट राहते. अस्सल, भरीव लाकडाचे दार आडवे ठेवून, खोलगट बाजूवर ओलसर फडके टाकून आणि फुगीर बाजू कोरडी ठेवून वजनाखाली सरळ करता येते. सरळ झाल्यावर दोन्ही बाजूंना सारखेच पॉलिश दिले नाही, तर बाक परत येतो. उंच दाराच्या मागे खाच पाडून ताण देणारी धातूची पट्टी बसवण्याचाही उपाय आहे, पण ती दार नवे असतानाच बसवलेली बरी. एका बाजूलाच सनमायका लावल्याने वाकलेल्या प्लायच्या दारावर मेहनत घेण्यापेक्षा ते बदलणेच स्वस्त पडते.