चेतापेशींना आवर घालणारे जनुक

दीर्घायुष्याच्या चर्चेत आज 'रेस्ट' या जनुकाचे नाव येते, पण १९९५ मध्ये ते सापडले तेव्हा प्रश्न निराळाच होता. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मग यकृताच्या पेशीत चेतापेशीची जनुके गप्प का राहतात? गेल मँडेल आणि डेव्हिड अँडरसन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळांना त्या वर्षी, स्वतंत्रपणे, एकच उत्तर मिळाले. रेस्ट जनुकापासून बनणारे एक प्रथिन डीएनएवरची ठरावीक खूण ओळखून तिला चिकटते आणि तिथले जनुक बंद पाडते. दोघांनी नावे वेगळी ठेवल्यामुळे जुन्या शोधनिबंधांत हेच प्रथिन 'एनआरएसएफ' म्हणूनही भेटते. गर्भात एखादी पेशी चेतापेशी होऊ लागली की तिच्यातले रेस्ट ओसरते आणि दाबलेली जनुके कामाला लागतात. मेंदूपुरते त्याचे काम तिथेच संपते, असे बराच काळ मानले जाई.

२०१४ मध्ये या समजाला मोठा धक्का बसला. हार्वर्डमधील ब्रूस यँकनर यांच्या गटाने मृतांच्या मेंदूचे नमुने तपासले. बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांच्या चेतापेशींत रेस्ट पुन्हा वाढलेले होते. अल्झायमरच्या रुग्णांत मात्र ते पेशीकेंद्रातून जवळपास नाहीसे झालेले. टाकाऊ माल नष्ट करण्यासाठी पेशी ज्या पिशव्या तयार करते, त्यांत ते बिघडलेल्या प्रथिनांसोबत अडकून पडले होते. मेंदूतून हे जनुक काढलेल्या उंदरांच्या चेतापेशी वयाबरोबर मरू लागल्या.

याच गटाने २०१९ मध्ये थेट आयुर्मानाला हात घातला. पंच्याऐंशी किंवा त्याहून अधिक वर्षे जगलेल्यांच्या मेंदूत, ऐंशीच्या आत गेलेल्यांच्या तुलनेत, चेतापेशींच्या उत्तेजनाशी संबंधित जनुके मंदावलेली दिसली. त्यांना लगाम घालणाऱ्यांत रेस्ट होते. अर्थात मृतांच्या नमुन्यांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. म्हणूनच माझ्या मते या अभ्यासाचा कणा आहे तो सूत्रकृमींवरचे, म्हणजे दोऱ्यासारख्या इवल्या जंतांवरचे प्रयोग. चेतापेशींची खळबळ कमी केली की कृमी जास्त जगले, वाढवली की लवकर मेले. खळबळ कमी करायला वापरलेल्या औषधांपैकी एक होते आयव्हरमेक्टिन, म्हणजे एरवी कृमी मारण्यासाठीच दिले जाणारे!

धागा आणखी मागे जातो. डॅफ-२ जनुकात बदल झालेले सूत्रकृमी दुप्पट जगतात, हे सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्येच दाखवले होते. या कृमींना ते वाढीव आयुष्य पुरते मिळायला रेस्टची कृमींमधली भावंडे लागतात, असे २०१९ च्या अभ्यासात आढळले. त्याच वेळी, रेस्ट नसलेल्या उंदरांच्या मेंदूत अपस्मारासारखी अतिसक्रियता दिसली.

मग रेस्ट वाढवणारे औषध का शोधू नये? इथे २००३ चे एक संशोधन आडवे येते. इटलीतील एलेना कातानेओ यांच्या गटाने दाखवले होते की हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगात हेच प्रथिन चेतापेशीच्या केंद्रात नको तितके शिरते आणि चेतापेशी जगवणाऱ्या बीडीएनएफ या घटकाचे जनुकही दाबून टाकते.