ती फुली इतकी बारीक का?

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या शेजारच्या काकू संध्याकाळी ओटल्यावर बसून फोनवर भजनं ऐकतात. भजन रंगात आलं की जाहिरात पडदा व्यापते, आणि ती बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, मोहरीएवढी. काकूंचं बोट फुलीशेजारी पडतं आणि जाहिरातच उघडते. "हात थरथरतात रे आता," त्या म्हणतात. पण तांदळातले खडे त्याच हातांनी अचूक वेचतात! दोष हाताकडे कमी आणि फुलीच्या मापाकडे जास्त आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो.

ते गणित मांडलं अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी, १९५४ साली. त्याआधी ते हवाई दलासाठी काम करत. १९४७ मध्ये त्यांनी आणि जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले, तेव्हा बऱ्याच चुकांचं मूळ कॉकपिटच्या रचनेत सापडलं. चूक माणसाच्या माथी मारण्याआधी यंत्राकडे बघावं, ही त्यांची सवय तिथलीच असावी.

१९५४ चा प्रयोग अगदी साधा होता. समोर धातूच्या दोन पट्ट्या, हातात धातूची लेखणी. एकदा या पट्टीवर, एकदा त्या पट्टीवर, जमेल तितक्या वेगाने पण न चुकता टेकवत राहायचं. फिट्स पट्ट्यांची रुंदी आणि त्यांमधलं अंतर बदलत गेले. १६ इंचांवरची २ इंच रुंद पट्टी गाठायला सरासरी ०.३९ सेकंद लागले. २ इंचांवरची पाव इंची पट्टी गाठायलाही तेवढेच! अंतर आठपट, रुंदी आठपट, वेळ तोच. म्हणजे महत्त्व आहे ते अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराला.

गुणोत्तर दुप्पट झालं म्हणून वेळ मात्र दुप्पट होत नाही. पाव इंची पट्टी २ इंचांवरून ४ आणि मग ८ इंचांवर नेली, तर वेळ ०.३९ वरून ०.४८ आणि ०.५८ सेकंद झाला. दर दुपटीला साधारण एक दशांश सेकंदाची भर. ही प्रत्येक दुप्पट म्हणजे एक 'बिट', म्हणजे माहिती मोजायचं एकक. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनासाठी मांडलेला माहिती-सिद्धान्त फिट्स यांनी थेट हाताला लावला. मला या सगळ्यात हीच उडी सर्वांत धाडसी वाटते.

असं का होतं, याचा धागा मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यांच्या १८९९ च्या कामात मिळतो. हात आधी एक झेप घेतो, मग डोळ्यांच्या मदतीने ती दुरुस्त करतो. लक्ष्य जितकं अरुंद, तितकी दुरुस्ती अधिक.

१९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी हाच नियम माउसला लावून पाहिला. तो लागू पडला, आणि जॉयस्टिकपेक्षा माउस सरस ठरला. माउसला पडद्याची कडा फार उपयोगी पडते. बाण तिथे अडतो, त्यामुळे कडेला टेकलेलं बटण त्या दिशेने जणू अमर्याद जाड होतं. ॲपलच्या मॅक संगणकाचा मेन्यू पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असतो, त्याचा फायदा हाच.

फोनवर ही सोय नाही. बोट कडेला अडत नाही, सरळ बाहेर जातं. शिवाय टेकताना ते लक्ष्यच झाकतं. शियाओजुन बी, यांग ली आणि शुमिन झाई यांनी २०१३ मध्ये बोटासाठी फिट्सचं सूत्र सुधारलं, ते यासाठीच. कितीही सावकाश टेकवलं तरी बोटाची थोडी चूक उरतेच, त्यामुळे लक्ष्य फार लहान असेल तर धीर धरून फारसा उपयोग नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचना बटणाला सुमारे ९ मिलिमीटर जागा द्यायला सांगतात. काकूंची फुली त्याच्या निम्मीही नसेल. माझ्या मते हा निष्काळजीपणा नाही. नियम उलटा वापरलेला आहे.

सरळ वापर बघायचा तर फोनवरच्या कीबोर्डकडे बघा. देवनागरीत अक्षरं जास्त, त्यामुळे कळा अधिक दाटीच्या. अनेक कीबोर्ड पुढचं संभाव्य अक्षर ओळखून त्याच्या कळीचं क्षेत्र गुपचूप वाढवतात. दिसायला कळ तेवढीच, पण बोट जरा बाजूला पडलं तरी हवं तेच अक्षर उमटतं.