ऑयस्टर ब्लॅक म्हणजे नेमके कोणते? जुन्या ड्रमच्या दुर्मीळ रॅपची पार्श्वभूमी

जुन्या ड्रमसेटचा रॅप, म्हणजे ड्रमच्या गोल लाकडी सांगाड्यावर (शेलवर) चिकटवलेले रंगीत प्लॅस्टिकचे आवरण, ओळखण्याच्या वादाला आज जी धार आहे, ती 1963 पासूनची आहे. त्या वर्षी बीटल्सच्या ड्रमरने लंडनच्या शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरील एका दुकानातून लुडविग या अमेरिकी ड्रम कंपनीचा ‘डाउनबीट’ नावाचा सेट घेतला. पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम फक्त 20 इंची, आणि रॅप काळ्यावर करड्या-पांढऱ्या लहरींचा, म्हणजेच ऑयस्टर ब्लॅक. पुढे 9 फेब्रुवारी 1964 रोजी अमेरिकेत सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी बीटल्सचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर पाहिला. बेस ड्रमच्या पुढच्या बाजूवर कंपनीचे नाव ठळक दिसत होते, आणि शिकागोच्या कारखान्याला मागणी पुरी करता येईना. 1963 चा तो सेट 2015 च्या लिलावात सुमारे 21 लाख डॉलरला गेला. तेव्हापासून माळ्यावरून काळा-करडा ड्रम खाली उतरला, की मालकाला तो ‘बीटल्सवाला’ वाटतो.

यातले बहुतेक तसे नसतात. गोंधळाचे कारण असे, की एका नजरेत सारखे भासणारे किमान तीन रॅप बाजारात आहेत, आणि विक्रेते तिघांनाही एकच नाव लावतात.

पहिला ब्लॅक डायमंड पर्ल. हा बीटल्सच्या बराच आधीचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात तो डब्ल्यूएफएल (लुडविग यांचीच तेव्हाची कंपनी) आणि स्लिंगरलँड या अमेरिकी कंपन्यांच्या सेटवर सर्रास दिसे. त्यात लहरी नसतात. काळ्या आणि चंदेरी रंगांचे कोनदार, खच्चून बसवल्यासारखे तुकडे असतात आणि ड्रम फिरवला की प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळी चमकतो. दुसरा म्हणजे साठच्या दशकातला खरा ऑयस्टर ब्लॅक पर्ल. यात करडा रंग ओघळत गेल्यासारखा दिसतो, पट्टे वेडेवाकडे आणि लांबट, आणि मधे निखळ काळ्या जागा. तिसरा 1970 च्या आसपासचा, ज्याला संग्राहक ‘बोलिंग बॉल’ म्हणतात. त्याचे भोवरे मोठे, कडा धूसर, आणि निळ्या रंगातही तो आला. हे नाव संग्राहकांनी दिलेले आहे, कॅटलॉगमध्ये ते शोधून सापडणार नाही. म्हणूनच जुनी जाहिरात किंवा कॅटलॉगचे पान पुरावा म्हणून पुढे केले जाते तेव्हा वाद मिटत नाही. पानावर ‘ऑयस्टर’ लिहिलेले असते, पण कोणता ऑयस्टर हे त्यावरून ठरत नाही.

माझ्या मते या तिघांत बोलिंग बॉलवर अन्याय झाला आहे. तो थोडाच काळ निघाला, पण बीटल्सशी त्याचा संबंध नाही म्हणून अनेकांनी तो ‘चुकीचा ऑयस्टर’ समजून स्वस्तात काढला. काहींनी तर तो सोलून त्या जागी नवा ‘बरोबर’ रॅप चिकटवला. आज लुडविग स्वतःच व्हिंटेज ब्लॅक ऑयस्टर नावाने रॅप विकते, त्यामुळे चौथा दावेदारही उभा आहे. ज्याने मूळ रॅप हाताळला आहे त्याला हा नवा लगेच ओळखू येतो, पण छायाचित्रावरून खरेदी करणाऱ्याला नाही.

नक्षीवरून निकाल देणे अवघड का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. मोती-चमक देणारे द्रव्य माशांच्या खवल्यांतून काढण्याची युक्ती फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून माहीत होती, खोट्या मोत्यांसाठी. ती चमक सेल्युलॉइडमध्ये मिसळून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाउंटन पेन, कंगवे, अकॉर्डियन, बँजो मढवले गेले, आणि 1920 च्या दशकात याच सेल्युलॉइडचे पातळ पत्रे ड्रमवर आले. पत्रे एका मोठ्या ठोकळ्यातून वडीसारखे कापले जात. त्यामुळे लागोपाठचे दोन पत्रे जुळते, पण दुसऱ्या ठोकळ्यातले पत्रे वेगळेच. शिवाय हे पत्रे बनवणारे मोजकेच होते आणि घेणाऱ्या ड्रम कंपन्या अनेक. एकाच पत्र्याला दोन कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये दोन नावे, ही तेव्हाची रोजची गोष्ट.

सेल्युलॉइड हे जुने प्लॅस्टिक म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. जुन्या चित्रपटांच्या रिळांचा पायाही नायट्रेटचाच. 2003 मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांचा साठा जळाला, तेव्हा हे द्रव्य किती धोक्याचे आहे ते महाराष्ट्राने पाहिले. ड्रमवरचा रॅप रिळांइतका पातळ नसतो, पण त्याला आग आणि तापलेली जागा दोन्ही वर्ज्य. ओळखीसाठी मात्र हाच कापूर उपयोगी पडतो. रॅपची आतली कडा बोटाने जोरात चोळली तर जुन्या नायट्रेटला कापराचा वास येतो. नव्या प्लॅस्टिकला येत नाही.

आता दुर्मीळ रंगाचे दावे सर्वांत जास्त ज्यावर कोसळतात, त्याकडे येतो. नायट्रेटचा वरचा पारदर्शक थर उजेडाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळा पडतो. त्यामुळे निळा स्पार्कल (चमकीदार रॅप) हिरवा दिसू लागतो. सिल्व्हर स्पार्कल शॅम्पेनकडे झुकतो. व्हाइट मरीन पर्ल जुन्या हस्तिदंतासारखा होतो. कोणी म्हणतो, ‘ही खास मागणीवर बनवलेली हिरवी छटा आहे’, तर कोणी आधीच तिला नाव देऊन मोकळा होतो. खात्री करायला एक लग, म्हणजे ताण देणारा स्क्रू ज्यात बसतो तो शेलवरचा धातूचा तुकडा, काढावा. त्याच्या खाली उजेड पोचलेला नसतो, आणि तिथे कारखान्यातून निघाला तेव्हाचा रंग दिसतो. लगखालीही रंग हिरवाच असेल, तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

लग काढलाच आहे तर बाकीचेही पाहून घ्यावे. बॅजचा (कंपनीच्या नावाच्या पट्टीचा) ग्रोमेट, म्हणजे तो पक्का करणारी पोकळ धातूची कडी, रॅपमधून आरपार गेलेला आहे का. रॅपला कुठे जादा छिद्रे आहेत का. बेस ड्रमच्या हूपमधली (कडेच्या कड्यातली) पट्टी शेलच्या रॅपशी जुळते का. ती वेगळ्या पत्र्यातली असू शकते, पण वय तेच हवे. आतल्या बाजूला लाल शाईचा तारखेचा शिक्का आहे का. लुडविगच्या बॅजवर अनुक्रमांक 1963-64 च्या सुमारास आले, पण ते क्रमाने बसवले जात नव्हते, म्हणून फक्त क्रमांकावर वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिक्का असेल तर तोच प्रमाण. 1970 च्या आसपासचे सायकेडेलिक रेड, मॉड ऑरेंज आणि सिट्रस मॉड हे रॅप खरोखर कमी निघाले आणि म्हणूनच त्यांच्या नकला झाल्या. तिथे तर शिक्का, बॅज आणि ग्रोमेट तिन्ही एका काळाचे असल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

सध्याचा मोठा मतभेद पिवळा थर घासून काढण्याविषयी आहे. बारीक वाळूकागद आणि पॉलिशने वरचा थर उतरवला तर निळा पुन्हा निळा दिसतो, आणि वाजवणाऱ्यांना ते हवे असते. संग्राहकांना नको असते, कारण थराबरोबर वयाचा पुरावाही जातो. माझा कल उघड आहे: ड्रमची ओळख ठरण्याआधी काहीही घासू नये. ओळख ठरल्यावरही, एका लगखालची जागा आणि आतला शिक्का यांचे छायाचित्र काढून ठेवून मगच घासावे आणि विकताना ते खरेदीदाराला द्यावे. अनेक जुन्या सेटच्या बाबतीत हे झाले नाही, आणि त्यांचा मूळ रंग कोणता होता हे आता कोणीच सांगू शकत नाही.