सगुण ध्यान

ईश्वराचे एखादे रूप मनात उभे करून त्यावर चित्त स्थिर करण्याची हिंदू भक्तिपरंपरेतील साधना. परमतत्त्व एकच, पण ते राम, शिव, देवी, गणपती अशा कोणत्याही रूपाने ध्यानात आणता येते, हा तिचा पाया. 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' (ऋग्वेद १.१६४.४६) हे वचन त्यासाठी नेहमी दिले जाते. अव्यक्ताची, म्हणजे रूप नसलेल्या तत्त्वाची, वाट देहधाऱ्यांना अधिक कष्टाची, असे गीतेचा १२वा अध्याय सांगतो.

रूप कोणते घ्यायचे हे इष्टदेवतेवर ठरते. पंचायतनात विष्णू, शिव, देवी, सूर्य व गणपती एकत्र पुजतात. विष्णुभक्ताकडे शाळिग्राम मध्ये असतो, शिवभक्ताकडे बाण, म्हणजे शिवाचे बाणलिंग. उरलेल्या चार देवता भोवती. देव तेच पाच, फक्त मधले स्थान बदलते.

ध्यानाची रीत भागवताच्या तिसऱ्या स्कंधात (अध्याय २८) फार बारकाईने आली आहे. कपिलमुनी आई देवहूतीला सांगतात, की आधी चरण पाहावेत, तळव्यांवरची वज्र, अंकुश, ध्वज आणि कमळ ही चिन्हे पाहावीत, मग क्रमाने वर जात नाभी, वक्षःस्थळ, बाहू आणि शेवटी हसरे मुख. एका अवयवावर मन ठरल्याशिवाय पुढे जायचे नाही.

स्तोत्रांआधीचे ध्यानश्लोक याच कामाचे. रामरक्षेतला राम आजानुबाहू (गुडघ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हातांचा), धनुष्यबाण घेतलेला, पद्मासनात बसलेला, पीतांबर नेसलेला आहे. सीता डाव्या मांडीवर आणि त्याची दृष्टी तिच्या मुखाकडे. हा श्लोक बहुतेक वेळा घाईने उरकला जातो. वास्तविक पाठाआधी थांबायचे ते इथेच. षोडशोपचार पूजेतही आवाहनाच्या आधी ध्यान येते, आणि मानसपूजेत तर सगळे उपचार मनानेच अर्पण करतात.

भागवताच्या ११व्या स्कंधात (अध्याय १४) श्रीकृष्ण उद्धवाला पुढची पायरी सांगतात: सर्वांगावरून मन काढून केवळ हसऱ्या मुखावर आणावे, तिथून आकाशात न्यावे आणि अखेर तेही सोडावे. वारकरी संतांना मात्र रूप सोडण्याची घाई नाही. सगुण आणि निर्गुण हा एकच गोविंद, असे ज्ञानदेव म्हणतात. तुकोबा विटेवरचे रूप, कटेवरचे हात, गळ्यातली तुळस आणि कानांतली मकरकुंडले वर्णून हेच आपले सर्व सुख असल्याचे सांगतात.