नऊ महिन्यांचं पोलीस प्रशिक्षण मोजायचं कशात?

पोलीस भरतीची चाहूल लागली की कोल्हापूरची पहाट बदलते. विद्यापीठाचा परिसर, रंकाळ्याची कड, करवीर-कागलच्या गावांतली शाळेची मैदानं, जिकडं बघावं तिकडं पोरं-पोरी धावताना दिसतात. काय गाठायचंय ते प्रत्येकाला तोंडपाठ असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं तर २० पैकी २०. कोल्हापूरच्या मैदानावर जो नियम, तोच गडचिरोलीत आणि नंदुरबारात. अलीकडच्या भरत्यांत तर धावण्याची वेळ चिप लावून टिपली गेली, म्हणजे स्टॉपवॉच धरणाऱ्याच्या अंगठ्यावरही काही उरलं नाही.

या काटेकोरपणाचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न पडतो. निवड झालेला शिपाई साधारण नऊ महिने प्रशिक्षण घेतो. कुणी तासगावजवळच्या तुरचीला जातो, कुणी खंडाळ्याला, कुणी जालन्याला, सोलापूरला, मरोळला. कायदा, कवायत, गोळीबार, प्रथमोपचार असं आंतरवर्ग-बाह्यवर्गाचं, म्हणजे वर्गातलं आणि मैदानावरचं, वेळापत्रक असतं, शेवटी परीक्षा होते, दीक्षांत संचलन होतं आणि नवा शिपाई नेमणुकीवर हजर होतो. त्या दिवशी त्याला साक्षीदाराकडून धड माहिती काढता येते का? वर्षभरानंतरही येते का? तुरचीत शिकलेल्याला आणि अकोल्यात शिकलेल्याला सारखीच येते का? १६०० मीटरचं उत्तर आपल्याकडं सेकंदात आहे. या प्रश्नांचंही तितकंच पक्कं उत्तर हवं, असं माझं म्हणणं आहे.

राज्यभर एकच अभ्यासक्रम असणं आणि राज्यभर एकच दर्जा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक्रम काय शिकवलं ते सांगतो. दर्जा ठरवायचा तर शिकलेला माणूस काय करू शकतो, तेच तपासावं लागतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर आलं म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही कळतं. मोजपट्टी एकच आहे आणि कोणत्या आकड्याला काय करायचं हेही आधी ठरलेलं आहे. पोलीस प्रशिक्षणाला अशी पट्टी लावायची तर ती कोणत्या गोष्टींना लावायची, हे मानसशास्त्रानं गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी दाखवून दिलंय.

साक्षीदाराच्या जबाबापासून सुरुवात करू, कारण पोलिसाचं रोजचं काम तेच.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी दीडशे विद्यार्थ्यांना मोटारींच्या टक्करीची छोटी चित्रफीत दाखवली. मग पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? उरलेल्यांना वेगाचं काहीच विचारलं नाही. आठवड्यानंतर सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरीही ‘जोरात आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी १६ जणांनी हो म्हटलं. ‘धडकल्या’वाल्यांत असे ७ जण होते आणि न विचारलेल्यांत ६. प्रश्नातल्या एका शब्दानं आठवणीत काच फोडली होती, आणि सांगणारा प्रत्येक जण प्रामाणिक होता.

आता समजा, तावडे हॉटेलजवळ महामार्गावरून शहरात वळताना टेम्पोनं दुचाकीला धक्का दिला आणि कडेला भाजी विकणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. एक शिपाई विचारतो, “मावशी, टेम्पोवाल्यानं किती जोरात उडवलं हो?” दुसरा विचारतो, “मावशी, तुम्ही कुठं बसला होता? तिथनं काय काय दिसलं, पहिल्यापासनं सांगा.” दोघांच्याही कागदाची सुरुवात ‘समक्ष विचारलेवरून जबाब देते की’ अशीच होईल आणि शेवटही ‘वाचून दाखवला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असाच. फाइलीत दोन्ही जबाब दिसायला सारखे. पण पहिल्यात टेम्पोचा वेग शिपायानं घातलेला आहे, आणि महिनाभरानं मावशींना तो स्वतःच पाहिलाय असं वाटू लागेल. पुढं न्यायालयात उलटतपासणीत त्या गडबडल्या की साक्षीदार फितूर झाला असा शिक्का बसतो. बिचाऱ्या मावशींनी काय केलं होतं?

यावर उपाय आहे आणि तो शिकवता येतो. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायसलमन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पोलिसांच्या चौकशीच्या ध्वनिफिती ऐकल्या. साक्षीदार बोलायला लागल्यावर सरासरी साडेसात सेकंदांत पोलीस त्याला तोडत होते. मग त्यांनी एक पद्धत बसवली. साक्षीदाराला आधी मनानं त्या जागी न्यायचं, उजेड कसा होता, आवाज कुठले येत होते ते आठवू द्यायचं, क्षुल्लक वाटेल तेही सांगायला सांगायचं, आणि मधे अजिबात बोलायचं नाही. फ्लोरिडातल्या सात तपास अधिकाऱ्यांना हे शिकवल्यावर त्यांना आधीपेक्षा ४७ टक्के जास्त माहिती मिळू लागली. पुढं कितीतरी प्रयोगांत हाच कल दिसला. चुकीचे तपशीलही थोडे वाढतात, पण बरोबर तपशिलांची वाढ त्यापेक्षा पुष्कळ मोठी असते. यंत्र नको, खर्च नको. गप्प बसायची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि ती व्याख्यान ऐकून लागत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये निरपराधांना शिक्षा झाल्याची प्रकरणं उघडकीला आल्यावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चौकशीची एकच पद्धत देशभर ठरवली गेली. सगळ्या पोलीस दलांना तिचं आठवड्याचं प्रशिक्षण सुरू झालं. एकसमान दर्जाचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण. २००१ साली त्याचं मूल्यमापन झालं तेव्हा प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक फारच थोडा दिसला, आणि साक्षीदारांकडून माहिती घेण्याचं काम तर संशयितांच्या चौकशीपेक्षाही कच्चं निघालं. वर्ग झाले, पण नंतर प्रत्यक्ष चौकशी कशी चाललीय हे वरिष्ठांनी पाहिलं नाही, आणि शिकलेलं विरून गेलं. महाराष्ट्रात दर्जा ठरवणाऱ्या प्रत्येकानं हा अहवाल आधी वाचावा असं मला वाटतं. मूल्यमापन केलं म्हणून त्यांना हे कळलं तरी!

विरून जाणं हा मेंदूचा स्वभाव आहे. त्याला अडवायचं कसं, हेही ठाऊक आहे. २००६ साली कॅनडातल्या एका प्रयोगात ३८ शिकाऊ शल्यविशारदांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. निम्म्यांना चारही सत्रं एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. महिनाभरानं चाचणी घेतली तेव्हा आठवड्याला एक सत्र घेतलेल्यांचा हात जास्त चांगला चालला. तास तेवढेच, शिक्षक तेच, फक्त मधल्या अंतरानं फरक पडला. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचं कौशल्यही असंच. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे शिकलेल्याचा हात तीन ते सहा महिन्यांत बिघडायला लागतो. पुणे-बंगळूर महामार्गावर अपघात झाला की रुग्णवाहिकेआधी बऱ्याचदा पोलीस पोहोचतात. त्यांनी नऊ महिन्यांत एकदा पुतळ्यावर हात चालवला होता एवढं पुरत नाही. ठाण्यातच दर तीन महिन्यांनी दहा मिनिटांची उजळणी झाली तर कौशल्य टिकतं.

गोळीबाराचं थोडक्यात सांगतो. मैदानात स्थिर लक्ष्यावर नेम धरणं आणि समोरून कुणी गोळी झाडत असताना नेम धरणं यांत मोठी तफावत आहे. नेदरलँड्समधल्या प्रयोगांत रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणारा प्रतिस्पर्धी समोर उभा केल्यावर पोलिसांचा नेम घसरला. ज्यांनी अशाच दडपणाखाली सराव केला त्यांचा नेम नंतर दडपणातही टिकला, आणि चार महिन्यांनीही टिकून होता. वार्षिक सरावात गुण मोजायचे तर ते अशा परिस्थितीतले मोजायला हवेत.

एकसमान दर्जाची कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी १९५९ मध्ये पोलीस प्रशिक्षणाचे किमान निकष कायद्यानं ठरवले. कॅलिफोर्नियात आज मूळ प्रशिक्षण किमान ६६४ तासांचं आहे, आणि लेखी परीक्षेबरोबर बनावट प्रसंग उभे करूनही उमेदवाराची परीक्षा घेतात. भारतात पोलीस हा राज्यांचा विषय. १९७१ मध्ये केंद्रानं पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते टाटा समाजविज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक मा. स. गोरे. म्हणजे पोलिसांना काय शिकवावं हे एका समाजशास्त्रज्ञाला विचारलं गेलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी. ती दृष्टी आज फार महत्त्वाची वाटते.

कोल्हापूरकरांना हा विषय आता आणखी जवळून भिडणार आहे. चार दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे खटले एकाच इमारतीत येतात. एखाद्या प्रकरणात मोबाइलमधला पुरावा नीट घेतलेला आणि दुसऱ्यात तसाच प्रकारचा पुरावा ढिसाळ, असं झालं तर ते इथं शेजारी शेजारी दिसेल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी तर तंत्राची पट्टी वर नेली आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवायचा. हॅश म्हणजे फाइलीतल्या सगळ्या माहितीवर ठरावीक गणित करून काढलेली खूण. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते. तासाभराच्या चित्रीकरणातला एक ठिपका जरी बदलला तरी ती अख्खी खूण वेगळी येते. म्हणून ती जप्तीच्या वेळीच काढावी लागते. दोन दिवस पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात राहिला आणि मग हॅश काढला, तर त्या दोन दिवसांत काही बदललं नाही हे हॅश सांगू शकत नाही. हे पाठ करून येत नाही. पंचांसमोर, घाईत, लाइट गेलेली असताना करून बघितलं तरच हाताला वळण लागतं.

काही जण म्हणतील, राज्य एवढं मोठं, गरजा वेगळ्या, सगळ्यांना एक माप कसं? हरकत रास्त आहे. कोल्हापूरच्या शिपायाला २०१९ सारख्या महापुरात बोट आणि दोर हाताळता आला पाहिजे, जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावरची गर्दी कुठं दाटतेय ते ओळखता आलं पाहिजे. गडचिरोलीत जंगलातल्या हालचाली शिकाव्या लागतात. हे जिल्ह्यानं आपलं वर जोडावं. खालचा थर, म्हणजे जबाब, पंचनामा, डिजिटल मुद्देमाल, प्रथमोपचार आणि बळाचा वापर, मात्र सगळीकडं सारखाच पक्का हवा.

आणि तो एकदम राज्यभर लागू करू नये. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात तणावाचे प्रसंग बोलून निवळवण्याचं प्रशिक्षण एकेका विभागाला टप्प्याटप्प्यानं दिलं. ज्यांचं झालं ते आणि ज्यांचं व्हायचंय ते, अशी तुलना त्यामुळं करता आली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. बळाचा वापर सुमारे २८ टक्के कमी, नागरिकांच्या जखमा २६ टक्के कमी, पोलिसांच्या स्वतःच्या जखमा ३६ टक्के कमी. शेवटचा आकडा आपल्याकडच्या प्रत्येक हवालदाराच्या घरी सांगण्यासारखा आहे.

कोल्हापूर परिक्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण असे पाच घटक येतात. कोणत्या घटकानं आधी सुरू करायचं ते चिठ्ठी टाकून ठरवता येईल, दर सहा महिन्यांनी पुढचा घटक. प्रशिक्षण संपल्यावर लगेच परीक्षा नको. सहा महिने जाऊ द्यावेत, मग न कळवता दुसऱ्या जिल्ह्यातल्या परीक्षकांनी यावं, एका शिपायासमोर बनावट साक्षीदार बसवावा आणि संभाषण ध्वनिमुद्रित करावं. त्यानं साक्षीदाराला किती वेळा तोडलं, किती शब्द स्वतःचे घातले, हे मोजायला ध्वनिफीत आणि कागद-पेन्सिल पुरते.